वीरगळाकडे पाठ करून काढलेले फोटो

रविवार, संध्याकाळ

सकाळी पळायला जाऊन आले तरी आज मन शांत नाही. समीर आमच्या पळणाऱ्यांच्या गटासाठी दर रविवारी जुन्या गावांतून पळायची वाट शोधतो. कधी बारव, कधी पडकी वेस. आज विश्रांतवाडीच्या पुढे, एका मळ्याच्या बांधावरचा वीरगळ. आम्ही सगळे तो कोरीव दगड बघत होतो आणि समीर मात्र त्याच्याकडे पाठ करून मळ्याचे फोटो काढत होता.

मळ्याच्या मालकीणबाईंनी पाणी दिलं. मग मला हळूच विचारलं, "बिल्डरची मानसं हाय का तुमी?"

"छे हो मावशी, आम्ही नुसते पळायला येतो."

"पळायला? एवढ्या लांब?"

परत येताना ते फोटो डोक्यातून जाईनात. वीरगळ सोडून मळ्याचे कशाला? शेवटी समीरला विचारलंच, "जमिनीची दलाली करतोस का रे?"

तो थांबला. "मी नाही गं. त्या मळ्याच्या बाईंचा मुलगा माझ्या ऑफिसात आहे. त्यालाच विकायचीय. फोटो त्यानेच मागितले. आईला अजून माहीत नाही, तू बोलू नकोस."

खरं असेल? की मला गप्प बसवायला? मुलगा स्वतः येऊन का नाही काढत फोटो? आणि खरं असलं तर आणखीच वाईट. मी त्या बाईंना किती ठामपणे सांगून आले!

उद्या रजा टाकून स्कूटरवर एकटीच जाणार आणि त्यांना सगळं सांगणार. समीर गटातून काढेल. काढू दे.