'से', 'टेल' आणि रविवारचं आवतन

डोंगरकडा,
८ जुलै २०२५

ती. विश्वंभरमामांस,
कोमलचा शि. सा. न.

फोनवर व्याकरण विचारलं की तुम्ही फोन ठेवून देता, म्हणून हे पत्र. इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायची जागा निघाली आहे. १७ तारखेला, गुरुवारी, सातवीवर नमुना पाठ घ्यायचाय. हेडसर मागे बसणार. विषय दिलाय 'से' आणि 'टेल'. नाही जमलं तर पुण्याच्या कंपनीत जावं लागेल, तिथून होकार आलाय. मामा, मला गाव सोडायचं नाही हो! लवकर लिहा.

आई तुम्हाला तब्येत सांभाळायला सांगते. माया आहेच, ती वाढावी.

तुमची भाची,
कोमल

औंढा नागनाथ,
११ जुलै

चि. कोमल हिस अ. उ. आ.

फोनवरचं व्याकरण या कानानं येतं नि त्या कानानं जातं, म्हणून ठेवतो. 'से' म्हणजे म्हणणं. त्याला शब्दांशी मतलब, ऐकणारा नसला तरी भागतं. माणूस आणायचाच तर आधी 'टू' लावावा लागतो. 'टेल' म्हणजे सांगणं. त्याला बहुधा माणूस लागतो, तोही लगेच, मध्ये 'टू' नको. 'ही सेड टू मी', पण 'ही टोल्ड मी'. गोष्ट आणि खोटं मात्र 'टेल'च करायचं, तिथे माणूस नसला तरी चालतं. पोरांना दवंडी आणि आवतन आठवायला लाव. दवंडी सगळ्या गावाला, पण जेवणाचं आवतन दारात जाऊन, ज्याचं त्याला.

घाबरू नकोस. घाबरलीस तर तुझी आई मलाच बोल लावील. सर्वांना आशीर्वाद, लहानांना जास्त.

तुझा मामा

डोंगरकडा,
२१ जुलै

ती. मामांस शि. सा. न.

तुमच्या आवतनानं घात केला! गुरुवारी पोरं हेडसरांना पाहून गप्पच. कोणी तोंड उघडेना. मी घरून सराव करून यायला सांगितलं: 'टेल युवर नेबर, मॅडम सेज, कम फॉर अ मील ऑन संडे.' हेडसर कळवू म्हणाले. मी पुण्याची बॅग भरली आणि खूप रडले.

रविवारी दहाला आळीतले ग्यानबाकाका अंघोळ करून, पंगतीला न्यायचा तांब्या घेऊन दारात! मागोमाग जिवनबाई, मग सगळी आळी. मी कशाला आलात विचारलं, तर काका म्हणाले की लेकरू दारात येऊन बराबर आवतन देऊन गेलं, आता काहून विचारून राहिली. पोरांनी आधी इंग्रजीत सांगितलं, मग मराठीत समजावलं म्हणे.

दिलेलं आवतन मागे कसं घ्यायचं? आईनं पदर खोचला. शेजारच्या खुर्शीदबी मोठं पातेलं आणि डाळ घेऊन आल्या. पिठलं, वरण, भाकरी, सगळं पुरलं. पंगतीत पाहते तर हेडसर! त्यांनाही त्यांच्या शेजारचं पोरगं सांगून आलं होतं. त्यांनी पोरांना विचारलं, कोणी कोणाला सांगितलं. 'आय टोल्ड ग्यानबाकाका', 'आय टोल्ड जिवनबाई', एकानंही 'टू' लावला नाही. हात धुताना सर म्हणाले, उद्यापासून या. मामा, आज मी शाळेत जाऊन आले!

आहे तशीच माया असू द्या.

तुमची कोमल

औंढा नागनाथ,
२५ जुलै

चि. कोमल हिस अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा डोळे पुसत. पोरी, मी नोकरीभर 'से' आणि 'टेल' शिकवलं. पोरांनी ते पेपरात लिहिलं, मार्क घेतले आणि विसरली. माझं इंग्रजी कधी कोणाच्या दारापर्यंत गेलं नाही. तुझ्या पोरांनी ते गावभर नेलं, आणि गाव जेवायला आलं.

तुझ्या आईला म्हणावं, सख्ख्या भावाला सोडून गाव जेवू घालतेस काय? पुढच्या रविवारी बोलावण्याची वाट न बघता येतोय. जेवण नंतर. आधी मला तुझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायचंय, तेव्हा आदल्या दिवशी, शनिवारच्या सकाळच्या शाळेलाच पोचतो.

तुझाच,
मामा