टेकडीखालचं जेवण

३ फेब्रुवारी

श्रीदेवीला हैदराबादच्या कंपनीने बोलावलंय. गेम बनवायची नोकरी. मी म्हटलं, घरी बसून कर की. तिचा भाऊ गुरु गेल्यापासून नऊ वर्षं पोरगी माझ्यासाठीच इथे राहिली आहे— दोघींनाही ठाऊक आहे.

६ फेब्रुवारी

तिने बनवलेला गेम दाखवला. ओळखीचाच निघाला! शाळेत आयर्लंडच्या सिस्टर बर्नाडेट सांगायच्या त्या गोष्टी— टेकडीच्या पोटात राहणारी माणसं, धुकं, काटेरी झाड. मी त्याच माझ्या दोघांना झोपवताना सांगितल्या. नियमही तोच. टेकडीखालचं अन्न खाल्लं की परत येता येत नाही. गुरु विचारायचा, "लई भूक लागली तरी?"

७ फेब्रुवारी

ती नवी पेठेत बॅग आणायला गेली तेव्हा एकटीच खेळले. टेकडीच्या दाराशी एक चेटकीण बसते. चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. पुढ्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. म्हणते, "एवढं खाऊन जा की."

माझा चष्मा. माझं बोलणं.

लॅपटॉप मिटून टाकला.

८ फेब्रुवारी

तिच्याशी बोलले नाही. म्हणजे मी पोरांना अडकवणारी.

१० फेब्रुवारी

शेवटी विचारलंच. म्हणाली, "आई, तू दारातूनच परत फिरलीस. आत जा की."

पुन्हा गेम उघडला. चेटकिणीला भाकरी नको म्हटलं, तसं दार उघडलं. आत चुलीपाशी गुरु. निळा शर्ट. मांडी घालून जेवतोय, सावकाश, कुठे जायचं नसल्यासारखा.

त्या दिवशी मी ताट वाढलं होतं. "आल्यावर खातो," म्हणून मोटारसायकल काढून अक्कलकोटला निघाला. वाटेत ट्रक. ताट संध्याकाळपर्यंत झाकलेलंच होतं.

श्रीदेवी माझ्याकडे न बघता म्हणाली, "खाल्लं असतं तर राहिला असता. म्हणून इथे खायला घातलं."

१३ फेब्रुवारी

ती निघाली. भाकरी बांधून दिली, पण घरात एक घास खाऊ दिला नाही. स्टेशनवर सांगितलं, "होटगी स्टेशन मागे पडल्यावर भाकरी सोड."

हसेल वाटलं. नुसती मान हलवली.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळ

फोन आला. होटगी गेलं. खाल्लं म्हणाली.

मग गेम उघडला. चेटकिणीने भाकरी पुढे केली. मी घेतली.

गुरुने सरकून जागा केली.