वधूवर मंडळाची कुलूपबंद फाईल

३ मार्च १९९९
सॉफ्टवेअर पूर्ण. मिलचं ऑफिस बंद झाल्यापासून परळच्या या खोलीत बसून एकहाती लिहिलं. लग्नाच्या मुलामुलींची माहिती भरा, बटण दाबा, जोड्या हजर. दादरचं वधूवर मंडळ चालवणारे अण्णा म्हणाले, चौदा तारखेच्या मेळाव्यात चालवून दाखव, चाललं तर घेतो. मग इतर मंडळं. मग पुणं.

बायकोची, सुनेत्राची, अट: नाही चाललं तर तिच्या भावाच्या, माधवच्या, हिंदमाता मार्केटमधल्या साडीच्या दुकानात कामाला लागायचं. लगेच कबूल केलं. न होणाऱ्या गोष्टीला हो म्हणायला काय जातं?

५ मार्च
गहन प्रश्न. सॉफ्टवेअर कुठल्या फाईलमधून द्यायचं? उघडी फाईल दिली तर कोणीही आतलं लिखाण बघणार, बदलणार, गिरगावातलं एखादं मंडळ फुकटात वापरणार. दुसरा प्रकार कुलूपबंद. चालते, पण आतलं कोणाला दिसत नाही, बदलताही येत नाही. मोठ्या कंपन्या हेच करतात. म्हणजे मीही.

८ मार्च
सुनेत्राचा लकडा: अहो, खरी नावं घालून बघा तरी. म्हटलं, टेस्टिंग केव्हाच झालं. आमचीच दोघांची माहिती घातली होती. आडनाव जुळलं, गोत्र जुळलं, गाव जुळलं. शंभर टक्के. ती म्हणाली, मग नक्की काहीतरी चुकलंय. बायकांना टेक्निकल गोष्टी सांगू नयेत.

११ मार्च
कुलूपबंद फाईल तयार. एका फ्लॉपीत मावेना. झिप करून तीन फ्लॉप्यांवर घातली, तिसरी वाचेना. शेवटी लॅमिंग्टन रोडला जाऊन सीडी करून आणली. चकाचक.

रात्री शंका: मूळ उघडी फाईल घरातच आहे. वरच्या मजल्यावरचा विठोबा कॉम्प्युटर क्लासला जातो आणि चहाच्या निमित्ताने सारखा डोकावतो. मूळ फाईल पुसली. जुन्या फ्लॉप्यासुद्धा कोऱ्या केल्या. आता चोराला चोरायला काही नाही. शांत झोप लागेल.

१४ मार्च, संध्याकाळ
हॉल भरला होता. नावं भरली, बटण दाबलं. अण्णांनी माईकवर पहिली जोडी वाचली: रामदास आणि पद्मजा, शंभर टक्के. गोत्र एक, गाव एक, पत्तासुद्धा एक. दमयंतीबाई उठल्या आणि म्हणाल्या, अण्णा, ही दोन्ही माझीच मुलं.

दुसरी जोडी वाचली. तीही बहीणभाऊ. तिसरी कोणी वाचू दिली नाही.

अण्णा बाजूला घेऊन म्हणाले, अरे, सगोत्र चालत नाही, गोत्र वेगळं लागतं, एवढंही कळू नये? मग लक्षात आलं. सुनेत्राचं गोत्र लग्नानंतरचं, म्हणजे माझंच घातलं होतं. आमची जोडी शंभर टक्के यावी म्हणून जे जे सारखं त्याला गुण देत गेलो.

अण्णांचा स्वभाव चांगला. म्हणाले, एवढं बदल, मी थांबतो. खरंच पाच मिनिटांचं काम. पण फाईल कुलूपबंद. मूळ कुठाय, त्यांनी विचारलं. पुसली, सुरक्षिततेसाठी. कोणापासून, त्यांनी विचारलं. विठोबाचं नाव सांगायची लाज वाटली.

उरलेला मेळावा अण्णांनी हाताने पार पाडला. घरी येताना सुनेत्रा एक अक्षर बोलली नाही. फार वाईट वाटलं. बोलली असती तर भांडता आलं असतं.

१६ मार्च
हिंदमाता. पाडव्याची गर्दी. माधवला सुचवलं, साड्यांच्या स्टॉकचं सॉफ्टवेअर करून देतो, या वेळी फाईल उघडी ठेवीन. तो म्हणाला, भावोजी, आधी घडी घालायला शिका.

एका बाईंपुढे नऊ साड्या उलगडल्या. त्यांनी एकही घेतली नाही. पण उलगडलेली साडी परत होती तशी करता येते. फॉरमॅट उत्तम आहे. घडी मला अजून जमत नाही.