पाण्यातला बाळकृष्ण

कल्याण, माघ वद्य पंचमी, शके १८१८

माझा मुलगा गोविंदा याच्या काखेत गाठ येऊन आज तिसरा दिवस. गाठीच्या साथीच्या भयाने वैद्य फिरकला नाही. सुनेने मला न विचारता देवघरातील बाळकृष्ण वाटीभर पाण्यात बुडवून ठेवला आहे. मी रागे भरलो. ती म्हणाली, “मामंजी, तो गुदमरला तरच आमच्याकडे बघेल. ह्यांना बरे वाटेपर्यंत मी नाही काढायची.”

चाळीस वर्षे ज्याची पूजा केली, त्याला ही शिक्षा?

सायंकाळी पाहतो तो, वाटीतील पाणी आटून देवाचे मस्तक उघडे पडलेले. आत मुलाला श्वास पुरत नव्हता. मीच पळीने पाणी घालून देवास पुन्हा बुडविले. योग्य केले काय? गोविंदा उठेल त्या दिवशी देव माझ्या हाताने बाहेर काढीन. क्षमा मागावयाची ती तेव्हाच मागेन.