घसरगुंडी कुणाच्या हद्दीत

दि. ३ फेब्रुवारी

सौ. वन्संना स. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. पण आधी एक भांडण उरकून घेते. पाकिटावर माझ्या नावाला ते गं. भा. लावायचं बंद करा बघू. तुमचे दादा गेल्यापासून दोन दोन नद्या माझ्या नावाला जोडताय, आणि इथे सकाळपासून नळाला थेंब नाही. पोस्टमन उगाच आशेने बघतो माझ्याकडे.

आता बातमी. आमच्या घरात दोन पक्ष झालेत आणि मी दोन्हीकडे आहे.

समोरची बाग तुम्ही पाहिलीय. रस्ता ओलांडला की फाटक. तुमचे दादा साहेबाला रोज तिथेच फिरवायचे. बिचाऱ्यांनी जन्मभर हापिसातल्या साहेबांची गाडी चालवली, थांब म्हटलं की थांबले, चल म्हटलं की चालले. म्हणून रिटायर झाल्यावर कुत्रा पाळला आणि त्याचंच नाव साहेब ठेवलं, की एका साहेबाला तरी दम देता यावा. दिला मात्र कधी नाही. हात सवयीचा, दार उघडून धरायचे, आधी साहेब आत, मग हे.

तो साहेब आता म्हातारा झालाय. मागचे पाय गेल्यात जमा. रस्ता ओलांडून बागेपर्यंत कसाबसा जातो, गवतावर लोळतो, चार कुत्र्यांची वास घेऊन विचारपूस करतो आणि घरी येतो. तेवढंच त्याचं जग राहिलंय.

तर झालं असं, की त्या दातांच्या डॉक्टरांचा ठिपक्या म्हणून एक दांडगा कुत्रा आहे. तो चेंडूमागे धावला आणि मध्ये आली आमची नात. वाळूत तोंडावर आपटली. गुडघा फुटला, ओठ सुजला. ते बरं झालं हो, पण भीती बसली ती बसलीच. ज्या साहेबाच्या पोटावर डोकं ठेवून झोपायची, तो आता खोलीत आला की पोर खुर्चीवर चढते. सूनबाई पेटली. तिचं काय चुकलं म्हणा. तिने सगळ्या आयांना गोळा केलं, की कुत्री बागेतून बाहेर काढा. डॉक्टरांनी कुत्रेवाले गोळा केले. बागेच्या अधिकाऱ्यांनी शाळेच्या हॉलमध्ये सभा लावली.

आमचे चिरंजीव म्हणाले, तुम्ही दोघी काय ते ठरवा, आणि घरीच पेपर वाचत बसले.

अधिकारी म्हणाले, कुत्री नकोत असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. मी नातीसाठी केला. मग म्हणाले, राहू देत असं ज्यांना वाटतं त्यांनी करा. मी साहेबासाठी केला. मोजलं तर हॉलमधल्या डोक्यांपेक्षा हात एक जास्त. पुन्हा मोजलं, मी पुन्हा दोनदा. या खेपेला सूनबाईनेच बघितलं. वन्सं, तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता बाकावर उभी करते. अधिकाऱ्यांनी विचारलं, आजी, तुमचं नक्की म्हणणं काय. मी म्हटलं, नात माझी, कुत्रा माझा, बाग तेवढी तुमची, आता तुम्हीच बघा. त्यांनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि निकाल दिला, की बागेचे दोन भाग करू, मध्ये जाळी. एक महिना बघू. एका जरी पोराला कुत्र्यामुळे इजा झाली तरी कुत्री कायमची बाहेर.

तसं झालं तर कुत्र्यांना उरतं ते मोकळं मैदान, आणि ते पुलापलीकडे. तिथवर साहेब जाणार कसा? आणि बाग राहिली तरी घरात पोर खुर्चीवर उभीच. तुमच्याकडे अंगण आहे. वेळ आलीच तर त्याला ठेवून घ्याल का? सूनबाईला यातलं अक्षर कळू देऊ नका. तिला वाटेल सासू रुसली म्हणून कुत्रा घालवतेय. ती वाईट नाही हो, नुसती आई आहे.

माझ्यावर लोभ आहेच, तो जरा कुत्र्यापर्यंत ताणावा.
तुमची वहिनी


दि. १० फेब्रुवारी

श्रीमती वहिनीस सा. न. वि. वि.

नद्या काढून टाकल्या. आता नळाला पाणी आलं का ते कळव.

कुत्र्याचं म्हणशील तर नाही म्हणजे नाही. माझ्या अंगणात गुलाब आहेत. कुत्रा आला की आधी माती उकरणार आणि मग माझं डोकं. शिवाय ह्यांना केसाळ काही जवळ आलं की शिंका लागतात. लग्नात मी लोकरीची शाल घेतली होती तर हे शिंकत चार हात लांब बसले, आणि बाकीच्यांनी आमचं काहीतरी बिनसलं असं समजून घेतलं. आणि मागच्या खेपेला तुझ्या साहेबाने माझी एक चप्पल खाल्ली ती विसरले नाहीये. दोन्ही खाल्ल्या असत्या तर निदान नव्या घेता आल्या असत्या.

शाळेत बाईंनी प्रश्न विचारला की तुझा हात कधी वर जायचा नाही, असं तूच सांगायचीस. म्हातारपणी एकदम दोन दोन वेळा. दादा असता तर हसून हसून खाली बसला असता.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं ही चूकच झाली. तेव्हापासून मोजायची टेप घेऊन अंगणात फिरतायत. काय करताय विचारलं तर म्हणतात काही नाही.

प्रकृतीला जप. रागावले असले तरी तुझीच आहे.
तुझी नणंद


दि. २४ फेब्रुवारी

सौ. वन्संना स. न. वि. वि.

पाणी आलं. तुमच्या लेखणीत बळ आहे.

आता नीट बसून वाचा, आणि चहा हातात असेल तर खाली ठेवा.

बाग वाटायची कुणी, तर आमच्या सूनबाईने. ती घरांचे नकाशे काढते ना, अधिकारी म्हणाले आयती माणूस आहे. दोन्ही पक्षांनी मान्य केलं, कारण तिच्या हातून वाकडी रेघ निघत नाही. निघाली नाहीच. लोकांनी वाकवली. एक आई म्हणाली सावलीचं झाड पोरांना हवं. डॉक्टर म्हणाले कुत्र्यांना काय घाम येत नाही का? झालं, रेघ झाडाच्या बुंध्यातून. मग पाण्याचा नळ, मग बाकडं. रोज संध्याकाळी कुणीतरी आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन रेघ थोडी इकडे ओढायचं, दुसरं येऊन तिकडे. पोळीचं ताट ठेवायला जागा नाही. शेवटी ती रेघ अशी वळणं घेत गेली, की अंगणात पडलेली पाण्याची नळी बरी.

सगळ्यांना सगळं अर्धं अर्धं मिळालं. राहिली घसरगुंडी. बागखात्याच्या जुन्या नकाशात ती होती नुसता एक ठिपका, आणि सूनबाईने तो जसाच्या तसा उचलला. रेघ ठिपक्याला चिकटून गेली. आता ठिपक्याला लांबी नसते, घसरगुंडीला असते. जाळीवाले आले, कागदाबरहुकूम खांब पुरले, जाळी थेट घसरगुंडीच्या पोटाखालून काढली आणि गेले. शिडी पोरांच्या बाजूला, तोंड कुत्र्यांच्या.

पहिलं पोरगं वर चढलं, सुर्रकन खाली आलं ते पाच कुत्र्यांच्या पुढ्यात. कुत्री चकित, पोरगं खूश. मागून रांग लागली. वन्सं, इतकी गर्दी त्या घसरगुंडीला मी कधी बघितली नाही. मोकळी होती तेव्हा कुणी विचारत नव्हतं, आता सरहद्द ओलांडायला मिळते ना.

पण आलेलं पोर परत पाठवायचं तर हाताला धरून बाहेरच्या फाटकाने फिरवून न्यावं लागतं. ते काम कुत्रेवाल्यांच्या गळ्यात. एका हातात साखळी, एका हातात पोर. आया जाळीपलीकडून हुकूम सोडतात, अहो त्याची नाडी बांधा, अहो तिचं नाक. डॉक्टर म्हणतात दवाखान्यात दात बघितले नसतील इतकी इथे नाकं पुसली. ठिपक्याला त्यांनी आता आखूड साखळी घातलीय. लाज वाटते त्यांना, बोलत नाहीत एवढंच.

घसरगुंडीच्या तोंडाशी माती मऊ आहे, म्हणून साहेब नेमका तिथेच आडवा होतो. मी उचलून कोपऱ्यात नेते, माझी पाठ वळली की परत. आणि आमची नात रोज शिडीचा दांडा धरून उभी. सगळी चढतात, हिचा एक पाय पहिल्या पायरीवर. तिथून साहेब दिसला की पाय खाली.

सूनबाई गप्प गप्प असते. जाळी हलवा म्हणून सांगून आली, ते म्हणाले महिना संपू दे. मी चेष्टा केली, की कुंपणावरून पोरं घसरावीत असं कुंपण तूच पहिल्यांदा काढलंस. हसली नाही. मग मीही चेष्टा बंद केली, एक जेवणभर.

तुमचं नाही म्हणणं ऐकलं. पुन्हा विचारते, रागावू नका. भाऊजींच्या टेपेला नमस्कार.
तुमची वहिनी


दि. २७ फेब्रुवारी

ती. सौ. आत्यांना सा. न. वि. वि.

तुम्हाला मी कधी स्वतंत्र पत्र लिहीत नाही, त्यामुळे पाकीट बघून घाबरला असाल. सगळे बरे आहोत. एक विनंती आहे आणि ती आईंना कळू नये.

साहेबाला काही दिवस तुमच्याकडे ठेवता येईल का? मला तो नकोसा झालेला नाही. पण आमची लेक रोज शिडीपाशी उभी राहते, घरी येऊन उशीत तोंड खुपसते आणि सांगते काही झालं नाही. आई रोज त्या जड कुत्र्याला उचलून बाजूला करतात, रात्री कंबर चोळत बसतात आणि सांगतात काही झालं नाही. जाळीची चूक माझी आहे, ती माझ्याच्याने बघवत नाही.

आईंना सरळ विचारलं तर त्या लगेच हो म्हणतील. वर दोन विनोद करतील, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासलेली पुन्हा घासतील. तो बाबांचा कुत्रा आहे, मला कळतं. म्हणून धीर होत नाही. तुम्ही आपणहून बोलावलंत असं झालं तर त्यांना तितकं लागणार नाही.

उत्तर माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर धाडावं. मोठ्या मनाने घ्यावं ही विनंती.
आपली सून


दि. ९ मार्च

सौ. वन्संना स. न. वि. वि.

तुमचं ते कार्ड पोचलं. त्यात काय, तर साहेबाला या रविवारी पाठवून दे, गुलाबांचं मी बघते, एवढंच. नाही नाही म्हणणारी माणूस एकदम अशी कशी विरघळली याचं मला नवल वाटलं होतं. आता वाटत नाही. पुढे वाचा.

काल बागेत निकालाचा दिवस होता. मी मनाशी ठरवलं होतं, निकाल काहीही लागो, साहेबाला गवतावर शेवटचं लोळवून आणायचं आणि पाठवणी करायची. अधिकारी आले, दोन्हीकडचे लोक जमले. साहेब नेहमीच्या जागी आडवा. नात शिडीपाशी.

आणि जाळीतून तिने मला हाक मारली, की आजी, त्याचं तोंड तिकडे कर.

वन्संबाई, महिनाभर आम्ही कुत्रा हलवतोय, जाळी हलवायला निघालोय, आणि पोरीला नको होतं ते नुसतं तोंड. बाकीच्या कुत्र्याशी तिचं काही वाकडं नव्हतं. मी साहेबाला वळवायला घेतलं. अरुंद गल्लीत ट्रक वळवावा तसा, थोडा पुढे, थोडा मागे. वळला, तर मानच मागे करून बघतोय. मग मी खाली मातीत बसले आणि त्याची हनुवटी मांडीवर धरून ठेवली.

पोर वर चढली. वरून म्हणते, ठिपक्याचं पण. डॉक्टरांनी ठिपक्याला फिरवलं. मग त्या पांढऱ्याचं, मग त्या कानवाल्याचं. सगळ्या कुत्र्यांच्या पाठी घसरगुंडीकडे. अधिकारी मध्येच उभे राहून काय चाललंय काय चाललंय विचारत होते. मी म्हटलं, तुम्ही पण वळा. वळले हो बिचारे.

शिडीला लागून उभ्या असलेल्या आईचा हात मात्र पोर सोडेना. मग सूनबाई ऑफिसच्या कपड्यात शिडी चढली, लेकीला मांडीत घेऊन बसली, आणि निम्म्यात अडकली. मी काही बोलले नाही, सगळी बाग साक्षीला आहे. पण घसरगुंडी पोरांच्या मापाची आणि आमची सूनबाई खात्यापित्या घरची. मागच्या पोरांनी जोर लावला तशा दोघी एकदम सुटल्या आणि साहेबाच्या पाठीला पाय टेकवून थांबल्या. त्याने वळूनही बघितलं नाही. मी हनुवटी केव्हाच सोडली होती, झोपला होता.

पोरीने बराच वेळ ती पाठ न्याहाळली. मग शेपटीपाशी एक बोट लावलं. तोंडाकडे जायची अजून तयारी नाही, पण पाठीशी बोलणं सुरू झालंय. घरात साहेब आता भिंतीकडे तोंड करून जेवतो आणि पोर जमिनीवर बसते. खुर्ची मला मिळाली.

महिन्यात कुणाला ओरखडाही नाही, तेव्हा कुत्री राहिली, आणि जाळी हलवायची नाही असा पोरांनीच ओरडा केला. अधिकाऱ्यांनी घसरगुंडीच्या बगलेला एक छोटं दार पाडायला सांगितलं, आणि पाटी लावली, की कुत्र्यांनी घसरगुंडीकडे पाठ करून बसावे. अक्षर सूनबाईचं. कुत्री वाचतात की नाही कोण जाणे, पण ऐकतात.

संध्याकाळी भाजी निवडताना सूनबाई म्हणाली, आई, मी आत्यांना पत्र लिहिलं होतं. मी म्हटलं, अगं, मी त्याच्याही आधी. दोघींच्या हातातली भाजी तशीच राहिली. मग जे हसू लागलं, की चिरंजीव पेपर बाजूला ठेवून बाहेर आले. त्यांना काही सांगितलं नाही.

तर वन्सं, दोन बायकांची दोन पत्रं पोटात ठेवून तुम्ही बसलात, हिला तिचं कळू दिलं नाही आणि तिला हिचं. इतकं पोट आहे तुम्हाला हे मला आजवर माहीत नव्हतं. साहेब येत नाही. माफ करा, आणि गुलाबांना माझं अभिनंदन सांगा.

आजवर दिलीत तशीच साथ द्या.
तुमची वहिनी


दि. १४ मार्च

श्रीमती वहिनीस सा. न. वि. वि. आणि चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

दोघींना एकच पत्र, कारण दोघींनी मला सारखंच फसवलंत. येत नाही हे एका ओळीत कळवून मोकळ्या.

तुम्हाला काही कल्पना आहे का इथे काय झालंय? ह्यांनी फळ्या आणून साहेबासाठी घर ठोकलं. उतार लावला, त्याला पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून. आतून रंग दिला, बाहेरून नको म्हणाले, कुत्रा आतच असणार. शिंकांचं औषध आणून ठेवलं. आणि मी माझ्या हाताने दोन गुलाब उपटले, म्हणजे त्याला वळायला जागा होईल. आता ते घर रिकामं आहे आणि हे रोज तिथे स्टूल टाकून बसतात. शिंकत नाहीत, बोलतही नाहीत.

तेव्हा या रविवारी आम्हीच येतोय. ह्यांना त्या घसरगुंडीवरून यायचं आहे. सूनबाई, ती किती वजन सोसते ते नीट मोजून ठेव, आणि या वेळी ठिपका धरून मोजू नकोस.

मी काही घसरणार नाही. मी खाली बाकड्यावर बसेन. पाटीबिटी काय लिहिली असेल ती असू दे, पण मी आले की साहेबाला माझ्याकडे तोंड करून बसवा. माझ्या दादाचा कुत्रा आहे. पाठ बघायला मी एवढ्या लांब येत नाही.

बाकी भेटीअंती. तोवर मनात ठेवा.
दोन गुलाबांना मुकलेली तुमची नणंद