चार्जिंगला आलेले पाव्हणे

चि. अजिनाथ यास राजाक्काचा आशीर्वाद.

आमी हितं बरे हाय. तुझी पाठ काय म्हणती? दिपालीचं ऐकत न्हाईस म्हणून मी लिहिते, हापिसात खुर्चीला चिकटून बसू नको. फोनच केला असता, पण माझा फोन लागला की तुझे दाजी शेजारी येऊन बसतात. म्हणून कागद. वस्तीवरचा धनाजी कंडक्टर आणून दील. (चौथीच्या अक्षराला हसू नको. तू सातवीत दोनदा बसलास ते मी कुणाला सांगितलं न्हाय.)

रस्त्याकडंच्या जागेत गाड्या चार्ज करायचं मशीन बसवून आठ महिने झाले. तूच हिशेब मांडून दिलास नि चाळीस मेंढरं त्यात गेली. हिशेब चुकला न्हाय तुझा. इजेचं बिल जाऊन युनिटामागं चार रुपये ऱ्हातात, गाडी पंचवीस युनिट खाती, शंभर झाले. फक्त त्या कागदावर तू तुझे दाजी लिहायला इसरलास.

गाडी भरायला पाऊण तास लागतो. आता पाऊण तास जो माणूस आपल्या दारात बसला, तो गिऱ्हाईक का पाव्हणा? दाजींच्या मतानं पाव्हणा. आधी पाणी, मग चहा, मग मला आत हाक, भाकरी टाक गं. शंभर मिळवायला मी दीडशेचं वाढते. (शेंगाचटणी दोनदा मागतात, जुळे सोलापूरची माणसं तर डब्यात बी नेतात.) जेवणाचे पैसे घ्या म्हटलं तर चार दिवस तोंड फिरवून बसले. जेवल्या माणसापुढं हात पसरायची आपल्या घराण्यात रीत न्हाय म्हणे. घराण्यात मशीन तरी कुणी बसवलं हुतं?

बरं, गाड्या दिवसाला दोन, लई झाल्या तर तीन. पण बिलात स्थिर आकार म्हणून एक ओळ असती, ती गाडी आली न्हाय तरी भरावी लागती. मेंढरू चरायला गेलं न्हाय तरी कुरणाचं भाडं द्यायचं, तसलं.

परवा अक्कलकोटचे गुरुबसप्पा म्हणून एक जण आले. लई घाईत. गाडी भरली, ते उठले, तर दाजी म्हणाले न जेवता कसं जाताय. ते कानडीत नको नको म्हणत हुते, दाजींनी हात धरून बसवलं. दोन तास. मागं दोन गाड्या उभ्या हुत्या, त्या वाट बघून पुढच्या पंपावरच्या मशीनला गेल्या. जाताना गुरुबसप्पांनी दाजींना मिठी मारली. युनिटाचे पैसे द्यायचे ऱ्हायले, नि दाजींनी मागितले न्हाईत.

बिल थकलंय. उरलेली बावीस मेंढरं बघायला यापारी मंगळवारी येतोय. ती गेली तर हा माणूस सकाळी उठून कुणाच्या मागं जाईल सांग. मशीन काय चरायला जात न्हाय.

लेकरांना आशीर्वाद. दिपालीला सांग, तिनं दिलेलं लुगडं आवडलं, रंग उतरतो.

तुझी आक्का

ता. क. येत्या रविवारी ये. ताट सत्तर रुपये अशी पाटी मी लिहून घेतलीय, पिठाच्या डब्यामागं ठेवलीय. पहिलं गिऱ्हाईक तू. चार माणसांदेखत जेव नि पैसे माझ्या हातावर ठेव. सख्खा मेव्हणा पैसे देतोय म्हटल्यावर दुसरा कोण फुकट जेवंल? दाजी नको म्हणतील, ऐकू नको. मी बी एकदा नको म्हणीन, माझं बी ऐकू नको.

ता. क. पैसे परत मिळायचे न्हाईत.

ता. क. दिपाली म्हणाली, तू डिझेलची गाडी घेतलीस. रस्त्यात चार्जिंगची सोय न्हाय म्हणून घेतलीस म्हणे. दाजींना अजून ठाऊक न्हाय. तवा यायचं ते एसटीनं ये.