बशीतले पाणी

गेल्या मंगळवारी, चौदा एप्रिलला, सकाळी सहाच्या सुमारास मी मागच्या खिडकीतल्या नऊ कुंड्या एकेक करून उचलून पाहिल्या. सात जड होत्या, दोन हलक्या. हलक्या दोन मी तसराळ्यात दोन बोटे पाण्यात ठेवल्या, वरची माती काळी झाल्यावर बाहेर काढल्या, पुरत्या निथळल्या आणि जागेवर ठेवल्या. हे आधी सांगण्याचे कारण असे, की मृत्युपत्र करणाऱ्याची बुद्धी शाबूत असावी लागते. ज्याला कुंडी उचलून तिची तहान कळते त्याची बुद्धी शाबूत आहे, असे मी धरतो. असा पुरावा या गावात आणखी कोण देऊ शकेल, याबद्दल मला शंका आहे.

तेव्हा मी, टॉर्मड मॅकआयव्हर, वय एकोणपन्नास, धंदा मागावर लोकरी कापड विणण्याचा, राहणार क्लेव्हिग, लुईस बेट, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर सगळ्यांचे सांगणे बाजूला सारून हे लिहीत आहे. बुधवारी ग्लासगोला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. मी परत आलो तर देवाची कृपा. न आलो तर त्याचीही काही योजना असेल. पुढची व्यवस्था मात्र माझी आहे. ती माझी पुतणी डोलिना हिने पार पाडावी.

घर आणि त्याला लागून असलेला जमिनीचा तुकडा डोलिनाला द्यावा. ती इन्व्हरनेसला शिकवते, सुट्टीत येते आणि आल्यावर मला उपदेश करत नाही. एवढ्या दोन गोष्टी जमणारे आमच्या घराण्यात दुसरे कोणी नाही. मागही तिलाच. तिला विणता येते. कडा थोड्या सैल येतात, ते सुधारेल.

बँकेत जे काही असेल त्यातून माझी माती करावी आणि उरलेले चर्चच्या छपराला द्यावे. ज्या मंडळीने मला सहा महिने उपासनेत पुढे उभे राहून स्तोत्राचा सूर धरायला मनाई केली तिच्याच डोक्यावर मी कौले घालतो आहे, हे माझ्या ध्यानात आहे. छप्पर देवाचे आहे. गळते ते मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांच्या बाकावर, आणि ते गळत राहावे असे मला फार वाटते. पण तसे वाटणे हे पाप आहे, म्हणून पैसे देतो.

शेजारचे पिकरिंगसाहेब इंग्लंडहून येऊन सात वर्षे इथे राहिले आहेत. त्यांना माझ्या वडिलांचा हवेचा दाब दाखवणारा काटा द्यावा. तो एकोणऐंशी सालापासून ‘बदल’ या शब्दावर अडकलेला आहे. पिकरिंगसाहेबांकडे ओल मोजायला कुंडीत खुपसायचा एक काटा आहे. तो म्हणेल तेव्हाच ते पाणी देतात, तेही फवाऱ्याने, अत्तर मारल्यासारखे. त्यांच्या टोमॅटोची पाने ओली असतात आणि मुळे उपाशी. एकदा मी म्हटले, “साहेब, कुंडी उचलून बघा की.” ते म्हणाले, “उचलून काय कळणार? हे यंत्र जर्मन आहे.” अशा माणसाला अडकलेला काटा दिला तरी त्याचे काही बिघडणार नाही.

आता झाडांविषयी, कारण बाकीचे सगळे लाकूड आणि कागद आहे.

माझी बायको किर्स्टी मुख्य भूमीवरची, झाडांतली. आमच्याकडे वारा झाड उभे राहू देत नाही. ती एकोणीस वर्षे इथे राहिली आणि दर उन्हाळ्यात एकदा तरी म्हणायची, “टॉर्मड, या बेटावर बाईमाणसाला सावलीत बसून शेंगा सोलायची सोय नाही.” तिच्या बापाच्या दाराशी रोवनचे झाड होते, लाल फळांचे. ती जाऊन सहा वर्षे झाली. दोन वर्षांपूर्वी तिच्या भावाने गाडीच्या शेडसाठी ते झाड तोडायला काढले. मी बोटीने जाऊन शेवटची फळे एका पिशवीत घेऊन आलो. माझा थोरला भाऊ केनेथ मंडळीत वडीलजन आहे. तो म्हणाला, “दारात रोवन लावणं म्हणजे जुनी अंधश्रद्धा. भुतं पळवायला लावतात ते.” मी म्हटले, “दादा, हे शेंगा सोलायला आहे.”

बिया ओल्या वाळूत घालून हिवाळाभर फ्रिजमध्ये ठेवल्या. पहिल्या वर्षी निम्म्या पेरल्या. सोळा उगवल्या. त्या सोळाही मीच मारल्या, आणि केनेथला नावे ठेवण्याआधी हे लिहिणे मला भाग आहे. इथे सगळे कुंडीत आपल्याच रानातली पीट माती भरतात, जी आम्ही वाळवून चुलीत जाळतो. फुकट मिळते म्हणून. ही माती ओली असेतो गरीब असते. एकदा खडखडीत वाळली की पाणी घेत नाही. वरून ओतलेले पाणी कडेने सरळ खाली उतरते, बशी भरते, आणि ओतणारा समजतो की झाड पोटभर प्यायले. माझी खिडकी चर्चच्या रस्त्यावर आहे. रविवारी इथे काम करणे पाप मानतात; झारी हातात दिसली तर लोक काय म्हणतील, म्हणून शनिवार रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत मी कुंड्यांना हात लावत नव्हतो. मे महिन्यात कोरडा वारा सुटला. रविवारी माती वाळायची, सोमवारी माझे पाणी बशीत. जूनपर्यंत सोळा काड्या उरल्या. ती देवभीती नव्हती, लोकांची भीती होती. दोन्ही दुरून सारख्याच दिसतात.

या जानेवारीत उरलेल्या बिया पेरल्या. तेवीस उगवल्या. आता पिशवीत एकही बी नाही आणि ते झाडही नाही.

या वेळी मी ठरवले, वार बघायचा नाही, वजन बघायचे. विणकराला हे शिकवावे लागत नाही. लोकरीचे रीळ कोरडे आहे की दमट, हे बोटांना डोळ्यांआधी कळते. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी दोन कुंड्या हलक्या लागल्या, त्या मी पाण्यात ठेवल्या. केनेथ उपासनेहून परतताना खिडकीशी थांबला.

“टॉर्मड, आज वार कोणता?”

“रविवार, दादा. तूच सकाळी प्रार्थना केलीस, बरीच लांब होती.”

“शब्बाथी दोनच कामं चालतात. गरजेचं आणि दयेचं.”

“मग हे दयेचं.”

“गाईला पाणी पाजणं दया. झाडाला पाणी घालणं म्हणजे शेतीकाम.”

“एवढंएवढंसं रोप, दादा. याला शेत म्हणतोस?”

“आकाराचा प्रश्न नाही,” तो म्हणाला, आणि मंगळवारी प्रकरण वडीलजनांपुढे ठेवले. वीस वर्षे मी स्तोत्र धरत होतो. सहा महिने बसून राहा, असे मला सांगण्यात आले. हल्ली केनेथ धरतो. देव सहनशील आहे.

फेब्रुवारीत तपासण्यांसाठी मी अकरा दिवस इस्पितळात होतो. किल्ली केनेथकडे होती. दुसऱ्या कोणाला दिली असती तर माझे दुखणे गावभर झाले असते. त्याला मी कागदावर लिहून दिले होते: उचलून पाहा, जड असेल तर हात लावू नकोस, बशीत पाणी साठू देऊ नकोस. त्याने तो कागद वाचला की नाही, देव जाणे. रविवारी घालायचे नाही, म्हणून दोन्ही शनिवारी त्याने दुप्पट घातले. परसातल्या नळाचे, बर्फासारखे, वरून, मोठ्या झारीने, प्रत्येक बशी काठोकाठ भरेपर्यंत. बहुतेक गाव हेच करते. शनिवारी संध्याकाळी बुडवायचे आणि रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. परत आलो तेव्हा पुढच्या खिडकीतल्या चौदा रोपांचे देठ मातीशी काळे पडून आडवे झाले होते. मुळांना श्वास लागतो, हे वडीलजनांच्या परीक्षेत विचारत नसावेत.

मी केनेथला बोलावून दाखवले. तो म्हणाला, “देवाची इच्छा.”

मी म्हटले, “दादा, देव शनिवारी इथं आला नव्हता. तू आला होतास.”

मागच्या खिडकीतली नऊ रोपे मात्र ताठ उभी होती आणि त्यांच्या बशा कोरड्या होत्या. त्याच झारीचे पाणी त्यांनाही मिळाले होते, तसे केनेथने स्वतः सांगितले. मी समजलो, झारी संपली असेल आणि कबूल करायला त्याला लाज वाटत असेल. दोन महिने मी असेच समजत होतो.

मंगळवारी कुंड्या जागेवर ठेवताना ट्रेच्या मागे एक पांढरी पेपरमिंटची गोळी सापडली. मोठी, गोल, चर्चमध्ये प्रवचन दुसऱ्या मुद्द्यावर आले की बायका तोंडात टाकतात तसली. गोळीला निळा धागा चिकटला होता. मी ती खिशात घालून केनेथच्या घरी गेलो. तो गाई बघायला गेला होता. मर्डिनावहिनी भाकरीचे पीठ मळत होत्या.

“वहिनी, ही गोळी तुमची.”

“छे, भावजी. अशा गोळ्या सगळ्यांकडे असतात.”

“हा धागा तुमच्या रविवारच्या कोटाचा आहे. ते कापड मी विणलंय.”

त्यांनी हात पुसले, गोळी घेतली, धागा सोडवला आणि गोळी तोंडात टाकली. मग म्हणाल्या, “हे रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायला थांबतात तेव्हा मी गेले होते, मागल्या दारानं. दोन्ही रविवारी. पुढच्या खिडकीशी जायचं धाडस झालं नाही, रस्त्यावर माणसं होती. मागच्या नऊच झाल्या.”

“काय केलंत?”

“पाणी घातलं नाही हो. काढलं. बशा रिकाम्या केल्या, कुंड्या फडक्यावर ठेवून निथळल्या. तुमचा कागद ह्यांच्या खिशात तसाच घडी केलेला होता, तो मी वाचला.” पीठ पुन्हा पुढ्यात ओढून त्या म्हणाल्या, “घालणं पाप आहे हे मला माहीत आहे. काढणं आहे का, ते मी कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी.”

अठ्ठावीस वर्षांत ह्या बाईने माझ्यासमोर एका वेळी इतके शब्द उच्चारले नव्हते. मी तिला आजवर केनेथची सावली समजत आलो. पिकरिंगसाहेबांना मी हसतो, पण मीही काट्याकडेच बघत होतो, कुंडी उचलत नव्हतो.

मी म्हटले, “वहिनी, नऊच्या नऊ तुमच्या नावे लिहितो. पण का, ते लिहावं लागेल, आणि दादा वाचेल.”

“तुम्ही गेल्यावरच वाचतील ना?”

“हो.”

“मग लिहा. आणि घाई करू नका.”

याप्रमाणे मी या ठिकाणी कलम लिहिले होते, की माझ्यामागे रोवनची नऊ झाडे मर्डिना मॅकआयव्हर यांना मिळावीत. ते आता खोडले आहे. चार दिवस विचार केल्यावर मला कळले की मृत्युपत्र वाचेपर्यंत कुंडी थांबत नाही. शिवाय मी मेल्यावर एका बाईचे गुपित फोडायचे आणि आपण जबाब द्यायला हजर राहायचे नाही, हे काम केनेथला शोभले असते.

केनेथला मी दोन वस्तू देतो. एक, आमच्या वडिलांचे स्तोत्रांचे पुस्तक, कारण तो थोरला आहे आणि त्याला सूर नसला तरी श्रद्धा आहे, हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. दुसरी, माझी मोठी पत्र्याची झारी. तिच्या तळाला मी स्वतः खिळ्याने पाच भोके पाडून ठेवली आहेत. कुंडीला भोक का असते, हे त्याला कदाचित उलट बाजूने कळेल.

आज सोमवार. सकाळी नऊ कुंड्या पेटीत भरून मी केनेथच्या घरी नेल्या आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीत मांडल्या. ही खिडकी रस्त्यावर आहे आणि तिथून चर्चचे दार दिसते. केनेथ लगेच तांब्याभर पाणी घेऊन आला. मदत करायची त्याला हौस फार.

मर्डिनावहिनींनी पहिली कुंडी उचलली, तळहातावर जरा झुलवली, खाली ठेवली. मग दुसरी. नऊही झाल्यावर म्हणाल्या, “आज नको.”

“तुला काय कळतं त्यातलं?” केनेथ म्हणाला. “आणि हिलाच का, टॉर्मड? किल्ली माझ्याकडं असते.”

मी उत्तर तयार करून आणले होते. ते मला द्यावे लागले नाही.

“अहो,” वहिनी म्हणाल्या, “ही नऊ मी जगवली. फेब्रुवारीत, दोन रविवारी. तुम्ही भरलेल्या बशा मी ओतून टाकल्या. आता वडीलजनांना सांगायचं तर सांगा. मी कोट घालून बरोबर येते.”

केनेथ कुंड्यांपाशी गेला. मग त्याने एक उचलली. काही कळले असेल असे त्याच्या चेहऱ्यावर दिसले नाही. ती त्याने बशीत परत ठेवली, अगदी हळू, आणि तांब्यातले पाणी चहाच्या किटलीत ओतले.

म्हणून नोंदवतो, की वर उल्लेख केलेली नऊ झाडे आज सकाळपासून माझ्या मालमत्तेत नाहीत. ती मी हातोहात दिली आहेत.

हे सर्व वाचून, समजून, केनेथच्या टेबलावर, साक्षीला बोलावलेल्या दोघांसमोर, चहा निवण्याआधी मी यावर सही केली आहे.

टॉर्मड मॅकआयव्हर

आमच्यासमक्ष सही झाली:
यूअन गिलीस, पाळक, क्लेव्हिग मंडळी
शीना मॅकफेल, टपाल वाटणारी, क्लेव्हिग

स्थळ: क्लेव्हिग, लुईस बेट
सोमवार, २० एप्रिल २०२६